घरच्या फायबर लाइनवर स्वतःचा मेल सर्व्हर: उभारणी आणि बिघाड

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर जुळे सोलापुरात, टॉवेलचा छोटा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. पाच-सहा जणांची मेल स्वतःच्या डोमेनवर, घरातल्या मिनी पीसीवर चालवायची आहे. डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स फोनला दाखवणारा) बसवलं, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी मिनी पीसीकडे वळवली. तरी बाहेरून एकही मेल येत नाही आणि पाठवलेल्या मेल ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा शेरा घेऊन क्यूमध्ये (रांगेत) पडून राहतात. कारखान्याच्या लाइनवरून एक मेल गेली, पण ती जीमेलच्या स्पॅममध्ये सापडली.

पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी लाइन तपासा. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे लाइनकडून राउटरला मिळालेला पत्ता, काय दिसतो ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, किंवा बाहेरच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या आयपीपेक्षा वेगळा असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे तुमच्या राउटरमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगपर्यंत बाहेरची जोडणी पोचतच नाही. येणारी मेल अडली आहे ती इथे. जाणारी अडते ते कारण वेगळं: घरगुती जोडण्यांवर बाहेर जाणारं २५ पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते) सेवा देणारे बहुधा बंद ठेवतात, कारण व्हायरस लागलेले घरचे संगणक त्याच वाटेने स्पॅम ओततात. जीमेलच्या एमएक्स (मेल स्वीकारणाऱ्या) सर्व्हरच्या २५ पोर्टला टेलनेट करून बघा. ‘२२०’ने सुरू होणारी ओळ आली तर वाट मोकळी आहे, काहीच न येता वेळ संपली तर बंद आहे.

महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेता येतो आणि काही सेवा देणारे २५ पोर्टही उघडून देतात. तरी स्पॅमचा प्रश्न उरतोच. त्या आयपीचं पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारी उलट नोंद, सेवा देणाऱ्याच्या ताब्यात असते आणि घरगुती ग्राहकासाठी ती बदलून मिळणं अवघड असतं. शिवाय घरगुती पट्ट्यातले आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत असतात. हा आरोप नसतो. ‘या पत्त्यांवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही’ एवढंच ती यादी सांगते, पण ती बघून मेल नाकारणारे सर्व्हर भरपूर आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याकडून पीटीआर, टीएलएस (वाटेतलं कूटबद्धीकरण) आणि एसपीएफ (डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी किमान एक मागायला सुरुवात केली. दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात. तुमची संख्या तेवढी नसली तरी तिन्ही करा.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: मेलची साठवण घरी ठेवा, पण जगाला दिसणारा पत्ता भाड्याच्या छोट्या व्हीपीएसवर (डेटा सेंटरमधल्या आभासी सर्व्हरवर) ठेवा आणि दोघांना वायरगार्डच्या टनेलने (कूटबद्ध खासगी वाटेने) जोडा. मेलबॉक्स, पासवर्ड आणि जुना पत्रव्यवहार घरच्या डिस्कवर राहतो. व्हीपीएसवरून मेल फक्त पुढे जाते. हट्टाने सगळंच घरून चालवायला गेलात तर निम्मा वेळ परक्यांच्या याद्यांतून नाव काढण्यात जाईल.

व्हीपीएस घेताना किमतीआधी दोन गोष्टी विचारा: बाहेर जाणारं २५ पोर्ट उघडून मिळेल का, आणि पीटीआर स्वतः लावता येईल का. अनेक क्लाउड कंपन्या नव्या खात्यावर २५ बंदच ठेवतात. आयपी हातात आल्या आल्या तो काळ्या यादीत आहे का ते तपासा. असेल तर काहीही बसवण्याआधी बदलून घ्या. आधीच्या भाडेकरूने केलेली घाण महिनोन्‌महिने निघत नाही. १ जीबी मेमरीत काम भागतं, पण आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा आणि डीकेआयएमची सही करणारा प्रोग्रॅम) तिथेच चालवायचा असेल तर २ जीबी घ्या किंवा किमान १ जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) द्या. मेमरी संपून तो बंद पडला की पोस्टफिक्स प्रत्येक येणाऱ्या मेलला ४५१चं, म्हणजे ‘नंतर या’ असं, उत्तर देतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

आता डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावांची जाहीर नोंदवही. खाली उदाहरण.इन हे नमुन्याचं डोमेन आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

एमएक्स: उदाहरण.इन, प्राधान्य १०, मेल.उदाहरण.इन
ए: मेल.उदाहरण.इन, व्हीपीएसचा आयपी
पीटीआर: व्हीपीएसचा आयपी, मेल.उदाहरण.इन
एसपीएफ: व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल
डीमार्क: सुरुवातीला पी=नन (नुसतं निरीक्षण), सोबत अहवालासाठी एक पत्ता

एमएक्स ज्या नावाकडे बोट दाखवतो ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाचं टोपणनाव) असता कामा नये. पीटीआरमधलं नाव, ए रेकॉर्डमधलं नाव आणि पोस्टफिक्सच्या मायहोस्टनेममधलं नाव अक्षराअक्षराने एकच हवं. एसपीएफचं रेकॉर्ड डोमेनला एकच असतं. बिलांच्या सॉफ्टवेअरसाठी कुणी दुसरं टाकलं की दोन्ही निकामी होतात आणि तपासणारा ‘पर्मएरर’ (कायमचा दोष) देतो. दुसरी सेवा जोडायची असेल तर त्याच ओळीत जोडा. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस विचारणा दहाच्या वर गेल्या तरी हाच दोष येतो.

डीकेआयएमची की २०४८ बिटची करा. ती डीएनएसमध्ये टाकताना हमखास घोटाळा होतो, कारण टीएक्सटी रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. लांब की दोन अवतरणांत तोडावी लागते. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही मुकाट्याने शेपटी कापतात. टाकून झाल्यावर ‘डिग’ आज्ञेने रेकॉर्ड परत मागवा आणि शेवटची अक्षरं मूळ कीशी ताडून पाहा. आरस्पॅमडीला खासगी कीची फाइल वाचायची परवानगी आहे ना, तेही बघा. नसेल तर मेल सहीविना जाते आणि लॉगमधली एक ओळ सोडली तर कुठेच बोंब होत नाही.

टनेलमध्ये व्हीपीएसला १०.८.०.१ आणि घराला १०.८.०.२ द्या. जोडणी घराकडून सुरू होते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत वेळी नॅटमधली नोंद पुसली जाते आणि व्हीपीएसला घर सापडत नाही. एंडपॉइंटमध्ये (व्हीपीएसच्या पत्त्यात) नाव न लिहिता आयपीचे आकडे लिहा. याचं कारण वीज. वीज आली की मिनी पीसी अर्ध्या मिनिटात उठतो, पण ओएनटी (फायबर जोडलेला डबा) जोडणी धरायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात वायरगार्ड नावाचा आयपी शोधायला जातो, डीएनएस मिळत नाही, सेवा बंद पडते आणि तशीच राहते. आकडे लिहिले असले की तो नुसती वाट बघतो.

व्हीपीएसवरच्या पोस्टफिक्समध्ये तुमचं डोमेन रिले_डोमेन्समध्ये (पुढे पाठवायची डोमेन) लिहा, मायडेस्टिनेशनमध्ये (इथेच ठेवायची) अजिबात नाही. ट्रान्सपोर्ट_मॅप्समध्ये त्या डोमेनसमोर एसएमटीपी:[१०.८.०.२]:२५ असं लिहा. चौकटी कंस विसरू नका. नावाऐवजी आयपी असला तरी ती सवय ठेवा, कारण कंस नसले की पोस्टफिक्स एमएक्स शोधायला जातो, तिथे त्याला स्वतःचंच नाव सापडतं आणि मेल ‘लूप्स बॅक टू मायसेल्फ’ म्हणून परत फिरते. घरच्या पोस्टफिक्समध्ये उलट बाजूने रिलेहोस्ट = [१०.८.०.१]:२५. हे २५ पोर्ट टनेलच्या आत असल्यामुळे लाइनवरची बंदी त्याला लागू होत नाही. व्हीपीएसच्या मायनेटवर्क्समध्ये (पासवर्डशिवाय मेल पाठवू द्यायचे ते पत्ते) लोकलहोस्ट आणि १०.८.०.२/३२ एवढंच ठेवा.

व्हीपीएसला कोणते पत्ते खरे आहेत हे माहीत असलं पाहिजे. ते रिले_रेसिपियंट_मॅप्समध्ये जातं. पाच-सहा ओळींची फाइल आहे, कंटाळा करू नका. ती नसेल तर व्हीपीएस कुठल्याही पत्त्याची मेल स्वीकारतो, घरचा सर्व्हर नाकारतो, आणि मग व्हीपीएस ‘पोचली नाही’ म्हणून पाठवणाऱ्याला कळवतो. स्पॅममधला पाठवणारा खोटा असतो, तेव्हा ही पत्रं भलत्या माणसांना जातात आणि काळ्या यादीत तुमचा आयपी चढतो.

व्हीपीएसवर पोस्टफिक्स न बसवता नुसतं आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) २५ पोर्ट घराकडे वळवायचा मोह होईल. ते मास्करेड (मूळ पत्ता झाकणं) लावून केलं तर घरच्या सर्व्हरला जगातली प्रत्येक जोडणी १०.८.०.१ कडूनच आलेली दिसते. घरच्या मायनेटवर्क्समध्ये १०.८.०.०/२४ असेल तर साऱ्या जगाला तुमच्या सर्व्हरवरून फुकट मेल पाठवता येते. असा ओपन रिले सापडायला स्पॅमवाल्यांना फार वेळ लागत नाही. ते नसलं तरी एसपीएफ तपासणी निरर्थक होते, आणि फेल२बॅनने (चुकीचे पासवर्ड देणाऱ्यांना अडवणाऱ्या प्रोग्रॅमने) कुणाला बंद करायचं ठरवलं तर तो टनेललाच बंद करतो. घरात बसून मेल दिसते, बाहेर गेल्यावर दिसत नाही, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. ९९३ (मेल वाचायला) आणि ४६५ (पाठवायला) हे पोर्ट फोनसाठी बाहेर उघडायचेच असतील तर व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी (जोडण्या पुढे वळवणारा प्रोग्रॅम) ठेवा आणि प्रॉक्सी प्रोटोकॉलने मूळ आयपी पुढे पाठवा. डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोघांनाही तो वाचता येतो. पाच-सहा जणच असतील तर याहून सोपं म्हणजे प्रत्येकाच्या फोनवर वायरगार्डचं ॲप टाका आणि ही पोर्ट बाहेर उघडूच नका. पासवर्ड फोडणाऱ्यांचा त्रास मुळातच संपतो.

घरच्या यंत्रासाठी ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडीचा मिनी पीसी पुरून उरतो. सरासरी १० वॅट धरले तर वर्षाला सुमारे ८८ युनिट. रास्पबेरी पाय ४ सुद्धा चालतो, पण मेल एसडी कार्डवर ठेवू नका. सततच्या बारीक लेखनाने कार्ड झिजतं. यूएसबीवर एसएसडी लावा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर वेळ मागे असते. एनटीपीने (इंटरनेटवरून) वेळ जुळेपर्यंत टीएलएस सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ असं ठरू शकतं. मिनी पीसीच्या बायॉसमध्ये वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते. ती चालू करा, नाहीतर दुपारी दोनला वीज जाऊन आली तरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत मेल बंद.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर पेटी ठेवू नका. खालच्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर अंतरावर, वर काही न झाकता ठेवा. प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे जाऊन मंदावला तरी मेल चालते, पण तापलेल्या एसएसडीचं आयुष्य घटतं. ६०० व्हीए यूपीएस मिनी पीसीला पुरेसा आहे. ओएनटी आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा वेगळा छोटा डीसी यूपीएस घ्या. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलाचा क्षण लांबतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

वीज चार तास गेली म्हणून मेल हरवत नाही, एवढी खात्री ठेवा. पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि इथे तर तुमचाच व्हीपीएस मेल धरून ठेवतो. पोस्टफिक्सची मुदत मुळात ५ दिवसांची असते. कुटुंबासह आठवडाभर गावाला जाणार असाल तर मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम १० दिवस करा. मात्र वीज आल्यावर मेल तासभर उशिरा येतात अशी तक्रार येते. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत जातं, हे त्याचं कारण. मॅक्सिमल_बॅकऑफ_टाइम १५ मिनिटांवर आणा, किंवा टनेल जुळल्यावर व्हीपीएसवर ‘पोस्टक्यू -एफ’ चालवा.

त्याच विजेच्या प्रसंगात आणखी एक दोष दिसतो. पोस्टफिक्स किंवा डोव्हकॉटला फक्त १०.८.०.२ वर ऐकायला सांगितलं असेल आणि ते टनेलच्या आधी सुरू झाले, तर तो पत्ता अजून अस्तित्वातच नसतो आणि सेवा बंद पडते. सगळ्या पत्त्यांवर ऐकू द्या आणि नको ती दारं एनएफटेबल्सने (फायरवॉलने) बंद करा.

बिघाड शोधताना लॉग वाचल्याशिवाय काहीही बदलू नका. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप बसत नाही, म्हणून जुन्या लेखांत सांगितलेली मेल.लॉग फाइल सापडणार नाही, जर्नलसीटीएल वापरा. पोस्टफिक्सच्या प्रत्येक मेलच्या ओळीत ‘डिलेज’ पुढे तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात. पहिला क्यू मॅनेजरकडे पोचेपर्यंतचा वेळ, दुसरा क्यूमधला, तिसरा जोडणी जुळवण्याचा, चौथा प्रत्यक्ष मजकूर पाठवण्याचा. तिसरा मोठा असेल तर डीएनएस किंवा टीएलएस बघा. चौथा मोठा असेल आणि छोट्या मेल जातात पण डिझाइनच्या फोटोंच्या अडकतात असं होत असेल, तर दोष बहुतेक वेळा एमटीयूचा (एका पाकिटाच्या कमाल आकाराचा). पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्डने जुळणाऱ्या) लाइनवर १४९२ बाइट मिळतात, वायरगार्डसाठी ८० वजा करा, म्हणजे टनेलचा एमटीयू १४१२. तो लावून पिंगला ‘तुकडे करू नको’ सांगा आणि १३८४ बाइटचं पाकीट (उरलेले २८ बाइट हेडरचे) टनेलमधून पाठवा. गेलं तर ठीक, नाही तर एमटीयू १३८० वर आणून १३५२ बाइटच्या पाकिटाने पुन्हा बघा.

मोठ्या मेलचं दुसरं कारण साधं आहे. जोडलेली फाइल मेलमध्ये बेस६४ (साध्या अक्षरांच्या रूपात) होते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीची फाइल ३४ एमबीच्या आसपास जाते. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १०२४०००० बाइट आहे. मेसेज_साइझ_लिमिट ३६७००१६० करा, दोन्ही सर्व्हरवर सारखंच. घरचं कमी राहिलं तर व्हीपीएस मेल घेतो आणि मग परत फिरवतो.

उत्तराचा कोड ४ ने सुरू झाला तर थांबा, पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करेल. ५ ने सुरू झाला तर तुम्हालाच काहीतरी दुरुस्त करायचं आहे. जीमेलचा ५.७.२५ म्हणजे पीटीआर नाही किंवा जुळत नाही. पीटीआर लावूनही तो येत असेल तर व्हीपीएस आयपीव्ही६ वरून पाठवतो आहे. त्या पत्त्यालाही पीटीआर लावा, नाहीतर आयनेट_प्रोटोकॉल्स आयपीव्ही४ करा. ५.७.२६ म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएम पटलं नाही. जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ उघडलं की तिन्ही तपासण्यांचे निकाल वर दिसतात, तिथे तिन्ही ‘पास’ येईपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर दोन-तीन आठवडे डीमार्कचे अहवाल बघा आणि मग पी=नन वरून क्वारंटाइनवर (न पटलेली मेल स्पॅममध्ये टाका) जा. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना दरपत्रक पाठवू नका. आधी रोजचा पत्रव्यवहार चालू द्या, उत्तरं येऊ द्या.

सगळीच येणारी मेल अचानक काळ्या यादीच्या नावाने नाकारली जाऊ लागली, तर व्हीपीएसचा रिझॉल्व्हर (डीएनएसमधून उत्तरं शोधून देणारा) बघा. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आलेल्या विचारणेला स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं नकाराचं उत्तर देतो, आणि ढिली लिहिलेली सेटिंग कुठल्याही उत्तराला ‘यादीत आहे’ समजते. व्हीपीएसवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा. डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्सच्या बऱ्याच सेवा क्रूटमध्ये (स्पूल फोल्डरमध्ये कोंडून) चालतात, म्हणून रिझॉल्व्हर बदलल्यावर पोस्टफिक्स रीस्टार्ट करा. स्पूलच्या आत रिझॉल्व्ह.कॉन्फची जुनी प्रत राहिली की टर्मिनलवर नाव सापडतं आणि पोस्टफिक्सला सापडत नाही.

डेबियन १३ वर जाताना डोव्हकॉट २.४ येतो आणि २.३ ची कॉन्फिगरेशन फाइल त्यात चालत नाही. हे काम रविवारी, जुनी फाइल समोर ठेवून, नव्याने लिहूनच करा.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं टीएलएस सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि २०२५ च्या जूनपासून मुदत संपल्याची मेल ते पाठवत नाहीत. घराकडे ८० पोर्ट उघडं नसल्यामुळे डीएनएसच्या पद्धतीने घ्या, आणि नूतनीकरण झाल्यावर डोव्हकॉट रीलोड होईल अशी आज्ञा हुकमध्ये घाला. ती नसली की डिस्कवर नवं सर्टिफिकेट असतं आणि फोन जुन्याबद्दल तक्रार करत राहतो.

बॅकअप रेस्टिक या प्रोग्रॅमने रोज रात्री, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक कूटबद्ध प्रत घराबाहेर, कारखान्यात ठेवली तरी चालेल. महिन्यातून एकदा एखादं फोल्डर परत काढून बघा. डोमेन नोंदवलेल्या खात्याचा संपर्क पत्ता मात्र याच डोमेनवरचा ठेवू नका: डोमेनची मुदत संपली की नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलण्याची लिंक याच बंद पडलेल्या पत्त्यावर जाईल.